आत्याचा मोगरा, भाच्याचा गुलाब

अहिल्यानगर जिल्ह्यात फुलझाड लावायचे तर आधी पाण्याचे पाहावे लागते. सह्याद्रीच्या अंगाला अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडीला पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथून पूर्वेकडे येऊ तसा तो आटत जातो आणि जिल्ह्याच्या मोठ्या भागात वर्षाची सरासरी पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास उरते. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात एका टोकाला भातखाचरे आहेत आणि दुसऱ्या टोकाला टँकरची वाट पाहणारी गावे. तरीही सावेडीच्या बंगल्यांपासून पाथर्डीच्या वस्त्यांपर्यंत दाराशी तुळशीसोबत जास्वंद, मोगरा, सदाफुली यांतले काहीतरी असतेच.

ही फुले जगवायची कशी, यावर मात्र घरोघरी दोन पक्ष असतात. एक पक्ष म्हणतो, जे झाड इथल्या उन्हात आपसूक तगते तेच लावा, औषधाच्या नादी लागू नका. दुसरा म्हणतो, शास्त्र हाताशी असताना गुलाबावर पाणी का सोडायचे? इथे हे दोन पक्ष एका आत्याच्या आणि तिच्या भाच्याच्या तोंडी दिले आहेत. आत्या सावेडीतली निवृत्त शिक्षिका, बागेत उभे आयुष्य गेलेली. भाचा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन रोपवाटिका चालवणारा. दोघांचे एकमेकांवर प्रेम आहे, म्हणून दोघे मोकळेपणाने भांडू शकतात.

"आत्या, तू अजून मोगरा, गुलबक्षी आणि सदाफुलीच्या पुढे गेलीच नाहीस," भाचा सुरुवात करतो. "अंगणात सात-आठ तास स्वच्छ ऊन येतं. गुलाबाला याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही. ठिबक टाकू, उन्हाळ्यात वर शेडनेट बांधू, पंधरा दिवसांनी एक फवारणी. बघ मग."

"आणि पाणी?"

"मुळा धरणाचं येतंय की नळाला."

"नळ ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी तुझ्या गुलाबाला काय सांगू? माझ्या मोगऱ्याला मी नोव्हेंबरातच पाणी तोडते. जानेवारीपर्यंत तो तसाच उभा असतो. पानं गळतात, शेजारणी हळहळतात, मोगरा वाळला म्हणतात. जानेवारीच्या अखेरीला छाटणी करते, बुडाशी शेणखत घालते आणि मग पाणी सोडते. मार्चमध्ये कळ्यांनी लगडतो. उपास घडल्याशिवाय तो फुलतच नाही नीट."

यावर भाच्याला वाद घालता येत नाही, कारण विद्यापीठात तो हेच शिकला आहे. राहाता-संगमनेरचे डाळिंबवाले बागेला ताण देऊन बहार धरतात, त्यामागचे तत्त्व हेच. पाणी तुटले की फांदीची वाढ थांबते, अन्नरस साठतो आणि पुन्हा पाणी मिळाले की नव्या फुटीवर कळ्या निघतात. मोगऱ्याची फुले नव्या फुटीवरच येतात, म्हणून छाटणीही तितकीच महत्त्वाची. पण भाचा हिशेबाचा पक्का आहे.

"ताणाचं पटलं. पण ताण सुटल्यावर मोगरा पाणी मागतो ते नेमकं कधी? मार्च ते मे. म्हणजे जिल्ह्यात पाण्याची सगळ्यांत ओढ असते तेव्हा. हिवाळ्यात वाचवलंस आणि उन्हाळ्यात खर्च केलंस."

"म्हणून तर बुडाशी पाचट पसरते," आत्या म्हणते. प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, पुढे जिल्हाभर कारखान्यांचे जाळे पसरले आणि उसाचे पाचट इथे हवे तेवढे मिळू लागले. बरेचसे फडातच पेटवले जाते. त्याचा चार बोटे जाड थर झाडाच्या बुडाशी दिला की माती तापत नाही, पाण्याची वाफ कमी होते आणि वर्षभरात तेच कुजून खत होते. खोडाला मात्र पाचट चिकटू द्यायचे नाही, नाहीतर तिथे ओल धरून साल कुजते.

मग भाचा कागद घेऊन बसतो. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमते. पन्नास चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षाला ५५० मिलिमीटर पाऊस धरला तर २७,५०० लिटर. पहिल्या पावसाचे घाण पाणी, उडालेले, सांडलेले वजा करून बावीस हजार लिटर तरी हाती लागते. एवढे साठवायला घरी जागा नसते. पण दोन हजार लिटरची एक टाकी भरून ठेवली आणि उरलेले बोअरच्या पुनर्भरणाला सोडले, तर कडक उन्हाळ्यात रोज दोन लिटर मागणाऱ्या तीस कुंड्या त्या टाकीवर महिनाभर निघतात.

"हिवरे बाजारने गावाचा जो ताळेबंद मांडला, तोच अंगणाचा मांडायचा," तो म्हणतो. नगर तालुक्यातल्या त्या गावात दरवर्षी पडलेला पाऊस मोजतात, विहिरींची पातळी पाहतात आणि पिके कोणती घ्यायची ते त्यावरून ग्रामसभेत ठरते. उसासारख्या पाणीखाऊ पिकाला तिथे थारा नाही, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे. "आधी पाणी मोज, मग झाडं निवड. मोजल्यावर चार गुलाब बसत असतील तर लावू. चाळीस नको."

आत्याला हा मुद्दा मनापासून पटतो, फक्त ती झाडे निवडण्याचा अधिकार सोडायला तयार नाही. "निवडायचीच तर आपली देशी निवडू."

"कुठली देशी?" भाचा लगेच पकडतो. "दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोचा. निशिगंधही तिथलाच. सदाफुली मादागास्करची, गुलबक्षी अमेरिका खंडातली, बोगनवेल ब्राझीलची. देवळापुढचा तो पांढरा खुरचाफा, तोसुद्धा मध्य अमेरिकेतून आलेला. तू ज्यांना आपली म्हणतेस त्यांतली निम्मी समुद्र ओलांडून आली आहेत."

"आली असतील. पण इथल्या उन्हाला रुळली की नाही? सदाफुली भिंतीच्या फटीत उगवते, तिला कोणी पाणी घालत नाही. मला झाडाचा जन्मदाखला नको, त्याची तहान सांग."

वादाचा रोख इथे बदलतो. देशी-विलायती ही भांडणाची रेघच चुकीची होती, हे दोघांच्या लक्षात येते. झाड किती पाणी मागते, त्याला ऊन किती सोसते आणि कोणत्या महिन्यात रोग गाठतो, हे तीन प्रश्न उरतात. कण्हेर, सदाफुली, बोगनवेल, गोकर्ण कमी पाण्यात तगतात. मोगरा, जुई आणि शेवंती मधल्या फळीत येतात. गुलाब, जरबेरा आणि बहुतेक हंगामी फुले नियमित पाण्यावरच फुलतात. कण्हेरीला शेळ्या-गाई तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला ती उत्तम. पण ती पान-फूल-खोडासकट विषारी आहे आणि घरात रांगते मूल असेल तर लावू नये, हे भाचा आवर्जून सांगतो.

पाण्याइतकेच कष्टही लागतात, हे सांगायला आत्या शिर्डीचा दाखला देते. साईबाबांनी शिर्डीत स्वतःच्या हाताने फुलबाग केली होती, असे दाभोलकरांच्या 'श्री साईसच्चरिता'त आले आहे. राहात्याहून त्यांनी जाई, जुई, झेंडूची रोपे आणली. वामन तात्या नावाचे भक्त त्यांना रोज दोन कच्चे घडे देत. बाबा विहिरीचे पाणी शेंदून ते घडे खांद्यावरून वाहत, झाडांना घालत आणि संध्याकाळी घडे निंबाखाली ठेवत. भाजलेले नसल्याने ते तिथेच फुटत आणि दुसऱ्या दिवशी नवे दोन येत. हा क्रम तीन वर्षे चालला आणि पडीक जागेवर बाग उभी राहिली. आज त्या जागेवर समाधी मंदिर आहे.

"तीन वर्षं," आत्या म्हणते. "आणि तुम्ही लोक तीन आठवड्यांत फूल मागता."

"मी फूल नाही, माती मागतो आधी," भाचा म्हणतो आणि तोही नगरचाच दाखला देतो. १९४२च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवले. जवाहरलाल नेहरू तिथे मार्च १९४५ पर्यंत होते. तिथेच १९४४ मध्ये लिहिलेल्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'च्या सुरुवातीलाच त्यांनी आपल्या बागकामाबद्दल लिहिले आहे. ते भर उन्हातही तासन् तास खणत बसत आणि फुलांसाठी वाफे तयार करत. जमीन मात्र दगडगोट्यांची, जुन्या बांधकामांच्या राडारोड्याने भरलेली. नव्या वसाहतीत बंगला बांधून अंगणात रोपे लावणाऱ्याच्या वाट्याला आजही तशीच जमीन येते. वाळू, सिमेंट, विटांचे तुकडे, चुना आणि वर बिल्डरने पसरलेला मुरमाचा थर.

"दीड फूट खणून हे सगळं काढल्याशिवाय रोप लावायचं नाही," भाचा सांगतो. "एक भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. नुसती काळी माती कुंडीत घातलीस तर पावसात चिखल आणि उन्हात भेगा. तिच्यात भरड वाळू किंवा कोकोपीट हवंच."

"आणि पानं पिवळी पडतात त्याचं काय? जास्वंदीला शेणखत घालून घालून दमले."

"पान दाखव."

पान हातात घेतल्यावर त्याला उत्तर मिळते. शिरा हिरव्यागार आणि मधला भाग पिवळा, तोही शेंड्याच्या कोवळ्या पानांवर. नत्र कमी पडले असते तर आधी खालची जुनी पाने पिवळी पडली असती. हा लोहाचा तुटवडा आहे. जिल्ह्यातल्या बऱ्याच जमिनी चुनखडीच्या, बोअरचे पाणीही जड. मातीत लोह असते, पण चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारले की आठवड्या-दोन आठवड्यांत नवी पाने हिरवी निघतात. इथे शेणखताचा ढीग घालूनही उपयोग नव्हता. आत्या हे वहीत लिहून घेते.

कीड दिसली की मात्र दोघांचे खरे भांडण जुंपते.

कुंपणाच्या कण्हेरीवर शेंड्यांना पिवळाधमक मावा बसला आहे, दाटीवाटीने, काळ्या पायांचा. भाच्याचा हात पंपाकडे जातो. आत्या त्याला थांबवून चष्मा नाकावर सरकवते आणि एक शेंडा वाकवून दाखवते. पिवळ्या किड्यांच्या गर्दीत काही किडे वेगळे आहेत. ते फुगलेले, तपकिरी, कागदासारखे कोरडे झालेले आणि जागच्या जागी चिकटलेले आहेत. त्यांतल्या काहींच्या पाठीला अगदी गोल भोक आहे.

"हे काय आहे, तूच सांग आता, पदवीधर."

भाचा सांगतो. इवलीशी परजीवी गांधीलमाशी माव्याच्या अंगात अंडे घालते. अळी आतून मावा खाते, कवच सुकते आणि नवी माशी पाठीला भोक पाडून बाहेर पडते. एकेका भोकातून एकेक माशी निघून गेली आहे आणि ती आता आसपासचा मावा शोधत असणार. "म्हणजे तू पंप मारला असतास तर मावा मेला असता आणि ही माशीही," आत्या म्हणते. "मावा पंधरा दिवसांत परत आला असता. माशी नसती आली."

भाचा पंप खाली ठेवतो. पण जास्वंदीपाशी आल्यावर तो मागे हटत नाही. तिथे कळ्यांच्या देठाला कापसासारखे पांढरे पुंजके आहेत, मुंग्यांची रांग खोडावरून वर-खाली चालली आहे आणि खालच्या पानांवर काजळी धरली आहे. हा पिठ्या ढेकूण. तो रस शोषून गोड चिकटा सोडतो, मुंग्या त्या चिकट्यासाठी त्याची राखण करतात आणि चिकट्यावर काळी बुरशी वाढते.

"इथेही वाट बघू म्हणशील?" तो विचारतो. "पपईचा पिठ्या ढेकूण २००७-०८ च्या सुमारास तमिळनाडूत पहिल्यांदा सापडला, मग महाराष्ट्रात पोचला. बाहेरून आलेला, त्यामुळे त्याला खाणारं इथे पुरेसं कोणी नव्हतं. पपईपासून जास्वंदीपर्यंत सगळीकडे पसरला. निसर्ग आपोआप सांभाळतो म्हणून लोक बसून राहिले असते तर बागा गेल्या असत्या. बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून त्याचा शत्रू असलेली परजीवी माशी आणली, तपासून सोडली, तेव्हा तो आटोक्यात आला."

"माशीच आणली ना शेवटी? औषध नाही."

"पण आणली शास्त्रानं."

यावर दोघांचाही मुद्दा उभा राहतो. जास्वंदीसाठी मग क्रम ठरतो. पुंजके धरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाकायचे, कचऱ्यात उघडे फेकायचे नाहीत. पाण्याचा जोराचा फवारा मारून उरलेले धुऊन काढायचे. खोडाला चिकट पट्टी गुंडाळून मुंग्यांची वाट अडवायची, म्हणजे राखणदार गेले की शत्रुकीटकांना रान मोकळे होते. एवढे करूनही राहिले तर निंबोळी अर्क. रात्री पन्नास ग्रॅम कुटलेली निंबोळी थोड्या पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्याने गाळून चिमूटभर साबणाच्या चुऱ्यासह लिटरभर करायची आणि फवारणी ऊन उतरल्यावर करायची. त्यातला कडू अंश उन्हात लवकर निकामी होतो आणि मधमाश्याही संध्याकाळी घरी परतलेल्या असतात.

गुलाबाच्या बाबतीत आत्याला नमते घ्यावे लागते. तिच्याकडे भेट आलेला एक गुलाब आहे आणि दर पावसाळ्यात त्याच्या पानांवर काळे ठिपके पडून तो पार उघडा होतो. ती त्याला ताक फवारते.

"ताकाला मी नावं ठेवणार नाही," भाचा म्हणतो. "ब्राझीलमध्ये बेट्टिओल नावाच्या शास्त्रज्ञानं १९९९ साली दाखवून दिलं की दहा टक्के दूध मिसळलेलं पाणी आठवड्याला फवारलं तर भोपळ्याच्या जातीच्या पिकावरची भुरी आटोक्यात राहते. पण भुरी वेगळी, काळा ठिपका वेगळा. भुरी पानाच्या वर पीठ भुरभुरल्यासारखी असते, आपल्याकडे हिवाळ्यात येते. काळ्या ठिपक्याची बुरशी पानाच्या आत जाते आणि त्यासाठी तिला पान सलग सातएक तास ओलं लागतं. तू संध्याकाळी पाइपनं पानांवरून पाणी घालतेस, म्हणजे रात्रभर ओल तूच पुरवतेस."

पाणी सकाळी आणि बुडाशी द्यायचे, गळलेली रोगट पाने रोज वेचायची, झाड मधून मोकळे ठेवायचे, पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात छाटणी करायची. यात औषधाचा थेंब नाही. हिवाळ्यात भुरी आलीच तर पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम, तेही तापमान तिशीच्या खाली असताना, नाहीतर पाने करपतात. उन्हाळ्यात लाल कोळी येतो तेव्हा पानाच्या मागे बारीक जाळी दिसते. त्यावर पानाच्या खालच्या बाजूने सकाळी पाण्याचा फवारा बराच उपयोगी पडतो. दर पंधरा दिवसांनी ठरवून औषध मारायची जी योजना भाच्याने सुरुवातीला मांडली होती, ती आता त्याच्याच बोलण्यात उरलेली नाही. आत्या हे त्याला दाखवून देते आणि तो कबूल करतो.

शेवंतीचे कोडे दोघांनाही सुटत नव्हते. नगर तालुक्यातल्या अकोळनेर परिसरात शेवंती आणि झेंडूचे मळे आहेत. तिथून आणलेली काडी आत्याने फाटकापाशी एक आणि मागच्या दारी एक अशी लावली. माती तीच, खत तेच, शेंडे दोन्हीकडचे वेळेवर खुडलेले. मागच्या दाराची शेवंती दिवाळीच्या सुमारास फुलली, फाटकाची नुसती पानांनी वाढत राहिली. आत्याला वाटले मुळाला कीड लागली. भाच्याने दोन्ही झाडे उपसून पाहायचे म्हटले.

रात्री फाटक लावायला गेल्यावर त्याला उत्तर डोक्यावर दिसते. रस्त्याचा एलईडी दिवा थेट त्या वाफ्यावर आहे. शेवंती दिवस लहान आणि रात्र मोठी झाली की कळी धरते. वनस्पती दिवस-रात्रीची लांबी ओळखतात हे गार्नर आणि अॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये मांडले. जगभरचे शेवंती उत्पादक रात्री दिवे लावून फुले हवी तेवढी लांबवतात. इथे तेच न मागता घडत होते. पुढच्या हंगामात फाटकाची शेवंती मागे न्यायची आणि तिथे जास्वंद आणायची, यावर एकमत होते. किडीपासून, उन्हापासून झाड राखायचे हे आत्याला ठाऊक होते. उजेडापासूनही राखावे लागते हे तिच्यासाठी नवे आहे.

माणसांपासून राखण्याचा प्रश्न त्याहून अवघड. पहाटे फिरायला निघालेले लोक कुंपणावरून हात घालून पिशव्या भरतात. जास्वंदीची फांदी ओढून मोडतात. "वर जाळी मारू," भाचा म्हणतो.

"देवालाच वाहतात ना?"

"आत्या, पाणी तू घालायचं, पाचट तू वाहायचं आणि फांदी त्यांनी मोडायची? कळ्या तोडल्या की बी धरत नाही, फुलपाखरांना मध उरत नाही. आणि शिर्डीच्या आसपास फुलांवर संसार चालवणारे शेतकरी आहेत. कोविडमध्ये मंदिरात फूल-हार बंद झाले, ते उच्च न्यायालयाच्या परवानगीनंतर २०२४ च्या शेवटी सुरू झाले. तेवढा काळ त्यांनी कसा काढला असेल? फुलाला किंमत असते."

आत्या या बाबतीत ऐकत नाही. कुंपणाबाहेर लोंबणारी फुले लोकांची, आतली घराची, असा तिचा नियम आहे. पण फांदी मोडण्याचा राग तिलाही आहे. कुंपणाला तगर आणि कण्हेर, म्हणजे भरपूर फुलणारी आणि छाटणी सोसणारी झाडे ठेवायची. गुलाब, मोगरा आणि शेवंती घराच्या भिंतीकडे घ्यायची, असा मधला मार्ग निघतो. जाळी लागत नाही.

एका बाबतीत मात्र दोघे सुरुवातीपासून एका बाजूला आहेत. भाद्रपदात कळसूबाई-हरिश्चंद्रगड परिसराचे पठार सोनकीने पिवळे होते, रानहळद आणि आमरी फुलतात. तिथून कंद उपटून आणून कुंडीत लावणारे हौशी लोक वाढले आहेत. ते अभयारण्य आहे आणि तिथले रोप उपटणे कायद्याने गुन्हा आहे. शिवाय सह्याद्रीच्या धुक्यात वाढलेली आमरी सावेडीच्या एप्रिलमध्ये जगत नाही. "ती तिथे जाऊन बघायची," आत्या म्हणते. रोपवाटिकेत कोणी असे कंद विकायला आणले तर भाचा घेत नाही.

बियाण्याची गोष्ट त्याच अकोले तालुक्यातून येते. कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी आपल्या परसातून गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचे काम मुख्यतः भाज्या, कडधान्ये आणि भाताचे, पण आत्याला त्यातून फुलांचीही युक्ती सापडली आहे. तिच्याकडे झेंडूचे बी दरवर्षी घरचेच असते. राखेत घोळून, मडक्यात, कापडाने तोंड बांधून.

"दसऱ्यासाठी या वर्षी संकरित बी आणतो," भाचा म्हणतो. "फूल मोठं, एकसारखं, टिकाऊ."

"आणि पुढच्या वर्षी? त्याचं बी धरलं तर तसंच फूल येईल?"

"नाही येणार. संकरिताचं बी दर वर्षी नवं घ्यावं लागतं."

"मग माझं लहान फूल बरं."

यावर समेट होत नाही. झेंडू बागेत हवाच, यावर दोघांचे दुमत नाही. संगमनेर-अकोल्याकडे टोमॅटो उत्पादक दर सोळा ओळींना झेंडूची एक ओळ लावतात तेव्हा फळ पोखरणारी अळी देणारा पतंग अंडी घालायला झेंडूकडे वळतो, आणि झेंडूच्या मुळांतला अंश सूत्रकृमींना रोखतो. अंगणातल्या चार टोमॅटोंनाही तो उपयोगी पडतो. प्रश्न फक्त कोणाच्या बियाण्याचा.

म्हणून दोन वाफे करायचे ठरते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही बियाणे ट्रेमध्ये टाकायची, महिन्याभराने रोपे लावायची, दोन्हींना सारखेच खत आणि टाकीतले मोजलेले पाणी. पाण्याची नोंद भाचा ठेवणार, कोणत्या वाफ्यावर किती कीड आली ते आत्या लिहिणार. शेजारी-शेजारी वाफे असले तर मधमाश्या परागांची सरमिसळ करतील आणि आत्याचे गावरान बी शुद्ध राहणार नाही, याची जाणीव भाचाच तिला करून देतो. त्यावर ती उपाय सांगते. बियाण्यासाठी राखायची आठ-दहा बोंडे उमलण्याआधीच मलमलच्या पिशव्यांत बांधायची आणि तिच्या वाफ्याला जागा मागच्या दारी, शेवंतीपलीकडे द्यायची. चार गुलाबांची जागा भाचा भिंतीकडे आखून देतो. त्यांच्या बुडाशीही पाचटच पसरायचे, एवढी आत्याची अट तो मान्य करतो.